प्रकाश १७ मीटर/सेकंद: त्यासाठी नॅनोकेल्व्हिन लागतंच का? गरम रुबिडियमच्या सेलमध्ये विलंब फारच कमी येतोय

उलटसुलट (धागाकर्ता)

एम.एस्सी.चा प्रकल्प आहे: रुबिडियमच्या वाफेत ईआयटी (एका लेसरने वायू दुसऱ्या बीमसाठी पारदर्शक करणे) वापरून प्रकाशाच्या पल्सला होणारा विलंब मोजणे. जुळणी अशी:

७९५ नॅनोमीटरचा एकच डायोड लेसर, रुबिडियम-८७ च्या डी-१ या शोषणरेषेवर, एफ = २ या तळपातळीवरून वरच्या एफ = १ कडे. त्याचे दोन भाग करून दोन एओएममधून (ध्वनिलहरीने प्रकाश वळवून त्याची कंप्रता सरकवणारं उपकरण) नेले आहेत, दोन्ही ८० मेगाहर्ट्झच्या आसपास. एक कंट्रोल बीम (पारदर्शकता आणणारा, १ मिलिवॅट), दुसरा प्रोब (ज्याचा विलंब मोजायचा तो, २० मायक्रोवॅट), दोन्ही ५ मिलिमीटर व्यासाचे. पीबीएसवर (ध्रुवीकरणानुसार प्रकाश वेगळा करणारा काचेचा ठोकळा) एकत्र करून क्वार्टर-वेव्ह प्लेटने एकाला सिग्मा-प्लस, दुसऱ्याला सिग्मा-मायनस (परस्परविरुद्ध वर्तुळाकार ध्रुवीकरण) केलंय. सेलनंतर पुन्हा प्लेट आणि पीबीएस लावून प्रोब वेगळा काढतो. सेल ७५ मिलिमीटर लांब, नैसर्गिक रुबिडियम, बफर गॅस (अणूंना बीममध्ये रोखून धरणारा निष्क्रिय वायू) नाही, ४५ अंश सेल्सियसला. म्यू-मेटलची (चुंबकीय क्षेत्र अडवणारा मिश्रधातू) एकच नळी, दोन्ही तोंडं उघडी.

प्रोबचं शोषण ७० टक्के. ईआयटीचं शिखर दिसतं, पण रुंदी ३०० किलोहर्ट्झ आणि बाजूला दोन बारकी शिखरं. पल्सचा विलंब ०.१५ मायक्रोसेकंद. तोही खरा की स्कोपचा खेळ, कळत नाही.

दोन प्रश्न. (१) १९९९ मध्ये लेने हाऊ यांच्या गटाने प्रकाश १७ मीटर/सेकंदापर्यंत मंद केला, त्या प्रयोगात सोडियम नॅनोकेल्व्हिनपर्यंत (निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ) थंड केलं होतं. प्रकाश मंद होण्याचं कारण थंडीच असेल, तर गरम सेलवर वेळ घालवण्यात अर्थ आहे का? (२) नसेल, तर आमचं नेमकं कुठे चुकतंय?

---

निरपेक्ष_शून्य

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: थंडी हे कारण नाही, सोय आहे.

लेने हाऊ, हॅरिस, डटन आणि बेहरूझी यांच्या त्या प्रयोगातली एक नोंद सहसा कुणी सांगत नाही. ४५० नॅनोकेल्व्हिनला ढगाची लांबी २२९ मायक्रोमीटर, विलंब ७.०५ मायक्रोसेकंद, म्हणजे वेग ३२.५ मीटर/सेकंद. त्या ढगात बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट (अणू एकाच क्वांटम अवस्थेत गेलेला ढग) तयार व्हायला ४३५ नॅनोकेल्व्हिन लागत होतं. म्हणजे त्या मापनाच्या वेळी कंडेन्सेट नव्हताच! साधा, अतिथंड वायू होता. आणखी थंड करून ढग दाट झाल्यावर वेग १७ मीटर/सेकंदापर्यंत उतरला. ताशी ६१ किलोमीटर, मोकळ्या रस्त्यावरच्या एसटीइतका.

पल्सचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: अणूंच्या त्या रेषेवर वायू किती अपारदर्शक आहे (ऑप्टिकल डेप्थ) आणि कंट्रोल बीमने त्यात उघडलेली पारदर्शक खिडकी किती अरुंद आहे. खिडकी अरुंद असली की तेवढ्या कंप्रतेत अपवर्तनांक झपकन चढतो, आणि तो चढ जितका तीव्र तितका समूहवेग, म्हणजे पल्सचा वेग, कमी. अपवर्तनांक स्वतः जवळजवळ १ च राहतो. 'प्रकाश गोठला' वगैरे मथळे विसरा. कंट्रोल बीम त्याच ढगातून जवळपास पूर्ण वेगाने जातो.

हिशेबाला सोपं सूत्र:

विलंब ≈ ऑप्टिकल डेप्थ × खिडकीची खोली ÷ (६.२८ × खिडकीची रुंदी हर्ट्झमध्ये)

खोली म्हणजे खिडकीत शोषण किती अंशाने घटलं: पूर्ण पारदर्शक झालं तर १. तुमचं शोषण ७० टक्के, म्हणजे ऑप्टिकल डेप्थ १.२. खोली पाव धरली तर १.२ × ०.२५ ÷ (६.२८ × ३,००,०००) = ०.१६ मायक्रोसेकंद. तुमचा आकडा सूत्राला धरूनच आहे. प्रयोग चुकलेला नाही. खिडकी फार रुंद आणि वाफ फार विरळ आहे, इतकंच.

मग हाऊंनी एवढा खटाटोप का केला? ढगाचा आकार बघा: पाव मिलिमीटरही नाही. एवढ्याशा लांबीत मोठी ऑप्टिकल डेप्थ हवी असेल तर घनता प्रचंड लागते, आणि गरम वायूत तेवढ्या घनतेला अणूंच्या आपसातल्या टकरींनी खिडकीच मोडते. दुसरं म्हणजे त्यांचा कंट्रोल बीम प्रोबला काटकोनात होता. काटकोनात डॉप्लरचा परिणाम (अणूंच्या हालचालीने कंप्रता सरकणे) अजिबात कटत नाही. ४५० नॅनोकेल्व्हिनला सोडियमचा अणू सेकंदाला सव्वा-दीड सेंटिमीटर सरकतो, त्यामुळे डॉप्लर पसारा ३० किलोहर्ट्झच्या आसपास राहतो. त्यांच्या खिडकीत तो सहज मावला. तुमच्या सेलमध्ये काटकोन केला तर हाच पसारा शेकडो मेगाहर्ट्झ होईल आणि शिखराचा मागमूस उरणार नाही.

पल्सचं आकुंचनही इथेच समजतं. २.५ मायक्रोसेकंदांची पल्स हवेत ७५० मीटर लांब असते. १७ मीटर/सेकंदाने ती ४२.५ मायक्रोमीटर होते, केसाहून बारीक. एवढी दाबली गेली तरी तिच्यातलं विद्युतक्षेत्र वाढत नाही. मधली ऊर्जा कंट्रोल बीममधून निघून जाते आणि पल्सचा ठसा अणूंच्या दोन तळपातळ्यांच्या मिश्रणात उरतो. बाहेर पडताना तीच ऊर्जा परत येते.

त्याच वर्षी गरम रुबिडियम वाफेतही ९० मीटर/सेकंद मोजला गेला आणि पॅराफिनचा लेप दिलेल्या सेलमध्ये ८ मीटर/सेकंद. म्हणजे वेगाच्या आकड्यात गरम वाफ मागे नाही. वेळ घालवा, जरूर घालवा.

---

सिग्मा_प्लस

दुसऱ्या प्रश्नावर. ३०० किलोहर्ट्झ कुठून येतात ते एकेक करून बघू.

बीमचा तिरकेपणा. पहिला संशय इथेच. दोन बीम सेलच्या आधी एकावर एक दिसतात, पण सेलनंतर मीटरभर अंतरावर बघितले आहेत का? तिथे अर्धा मिलिमीटर जरी सरकले असतील तरी कोन अर्धा मिलिरेडियन झाला. ४५ अंशाला रुबिडियम-८७ चा एका दिशेतला सरासरी वेग १७४ मीटर/सेकंद. त्याने रुंदी साधारण २५० किलोहर्ट्झ होते. तुमच्या रुंदीचा बहुतेक भाग यातच संपतो. दोन पिनहोल घ्या, एक सेलच्या आधी आणि एक कमीत कमी दीड मीटर पुढे, आणि दोन्ही बीम दोन्ही भोकांतून काढा. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही बीम एकाच सिंगल-मोड पोलरायझेशन-मेंटेनिंग फायबरमध्ये, एक एका अक्षावर आणि दुसरा दुसऱ्या अक्षावर, घालून बाहेर काढा. कोनाचा प्रश्नच मिटतो.

बफर गॅस नसणे. ५ मिलिमीटरचा बीम अणू १५-२० मायक्रोसेकंदांत ओलांडतो. यानेच सुमारे ८-१० किलोहर्ट्झ रुंदी येते. आत्ता हे क्षुल्लक वाटेल, पण कोन सुधारल्यावर हीच भिंत आडवी येईल. ५ ते १० टॉर दाबाचा निऑन भरलेला सेल मिळाला तर अणू बीममध्ये मिलिसेकंदाच्या आसपास रेंगाळतो. जास्त दाब घेऊ नका. डी-१ च्या वरच्या दोन पातळ्यांत ८१७ मेगाहर्ट्झ अंतर आहे, ते दाबाने आणि डॉप्लरने मिसळलं की खोली घटते. शक्य असेल तर समस्थानिक-शुद्ध रुबिडियम-८७ चा सेल घ्या: नैसर्गिक रुबिडियमात ८७ फक्त २८ टक्के असतो, उरलेला ८५ नुसतीच गर्दी करतो.

चुंबकीय क्षेत्र. तुमची दोन बारकी शिखरं म्हणजे आडव्या क्षेत्राची सही. सिग्मा-प्लस आणि सिग्मा-मायनस एफ = २ मधल्या ज्या दोन उपपातळ्या जोडतात त्यांच्यातलं अंतर गॉसला १.४ मेगाहर्ट्झने बदलतं. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे सुमारे ०.४ गॉस, म्हणजे झाकण नसेल तर शिखर अर्ध्या मेगाहर्ट्झहून जास्त सरकतं. एकच नळी आणि तोंडं उघडी, त्यामुळे टोकांकडून क्षेत्र आत शिरतंय. तीन नळ्या एकात एक, मध्ये फोमचं अंतर, आणि बीमपुरतं भोक ठेवून टोपणं. सर्वांत आतल्या नळीत सोलेनॉइड गुंडाळून दहा-वीस मिलिअँपने उरलेलं क्षेत्र मारायचं. शिखर जिथे सगळ्यात अरुंद होतं तो प्रवाह योग्य.

कंट्रोलची ताकद. हे मुद्दाम शेवटी. खिडकीची रुंदी कंट्रोलच्या तीव्रतेच्या प्रमाणात वाढते. वरच्या तीन गोष्टी सुधारल्याशिवाय कंट्रोल कमी केला तर रुंदी तशीच राहून खोली तेवढी जाईल, आणि वाटेल की कंट्रोल वाढवणंच बरं. सुधारून झाल्यावर १ मिलिवॅटवरून ०.२ पर्यंत पायरीपायरीने उतरा. प्रत्येक पायरीला रुंदी नोंदवा. आलेख सरळ रेषेत येतो आणि शून्य ताकदीला जी रुंदी उरते ती तुमच्या सेलची खरी मर्यादा.

तापमान. ६० ते ७० अंश. वाफेची घनता दर १० अंशांना साधारण दुप्पट होते: ६० ला घन सेंटिमीटरमागे सुमारे ३.४ × १०^११, ७० ला ७ × १०^११. मात्र उत्साहाने ९० ला नेऊ नका. डेप्थ ५, खोली ०.६ आणि रुंदी २० किलोहर्ट्झ जमली तर विलंब २४ मायक्रोसेकंद, वेग ३ किलोमीटर/सेकंद. पण तेव्हाही मध्यावर फक्त १३-१४ टक्के प्रकाश बाहेर येतो. डेप्थ १५ केलीत तर विलंब मोजायला प्रकाशच उरणार नाही.

---

तांब्याची_तार

चुंबकीय बाबतीत दोन-तीन गोष्टी, ज्यांत लोक हमखास फसतात.

के-टाइप थर्मोकपल सेलला चिकटवू नका. त्यातली अ‍ॅल्युमेलची तार स्वतः चुंबकीय असते. टी-टाइप (तांबं-कॉन्स्टंटन) वापरा. शील्डच्या आत स्टीलचे स्क्रू चालत नाहीत, पितळ किंवा नायलॉन. ३०४ स्टेनलेस 'अचुंबकीय' म्हणून विकतात, पण लेथवर कापल्यावर तेही थोडं चुंबक धरतं.

हीटरला डीसी दिलात तर शील्डच्या आतच कॉइल ठेवल्यासारखं. तारा पिळून घ्या (जाणारी-येणारी एकमेकींभोवती) आणि मापनाच्या १०० मिलिसेकंदांपुरता हीटर बंद ठेवा. काच तेवढ्यात थंड होत नाही.

सेलचा देठ, जिथे धातूचा थेंब असतो, तो खिडक्यांपेक्षा ५ ते १० अंश थंड हवा. नाहीतर रुबिडियम खिडकीवर आरशासारखं बसतं आणि प्रोब 'शोषला गेला' असं वाटून तुम्ही आनंदात राहता.

म्यू-मेटल बसवल्यावर डीगॉस (त्यात उरलेलं चुंबकत्व घालवणं) करायलाच हवं. नळीतून जाड तारेचे दहा वेढे, व्हेरिअ‍ॅक आणि ट्रान्सफॉर्मरमधून ५० हर्ट्झचा प्रवाह काही अँपपर्यंत चढवा, मग मिनिटभरात सावकाश शून्यावर आणा. मध्येच झटक्यात स्विच बंद केला तर आधीपेक्षा वाईट. नळी हातातून पडली किंवा वाकली, तर तिचा गुणधर्म गेला. पुन्हा भट्टीत अ‍ॅनील केल्याशिवाय परत येत नाही.

---

झिरपणारा_फोटॉन

०.१५ मायक्रोसेकंद खरा की खोटा याबद्दल: स्कोपचं इनपुट १ मेगाओहमवर आहे का? फोटोडायोड थेट जोडला असेल आणि केबलसकट १०० पिकोफॅरड धरले, तर आरसी काल (सिग्नल चढायला लागणारा वेळ) १०० मायक्रोसेकंद. १० किलोओहम लावला तरी १ मायक्रोसेकंद. ट्रान्सइम्पीडन्स अँप्लिफायरचा, काही मेगाहर्ट्झ बँडविड्थचा डिटेक्टर हवा.

संदर्भ पल्स म्हणून सेल काढून घेतलेली पल्स वापरू नका. सेल जागेवर, डिटेक्टर तोच, केबल तीच. फक्त लेसर रेषेपासून काही गिगाहर्ट्झ दूर न्या. तेव्हाची पल्स आणि रेषेवरची पल्स, दोन्हींच्या मध्यबिंदूतला फरक म्हणजे विलंब. तीच तुलना कंट्रोलची ताकद बदलून करा: विलंब ताकदीच्या उलट प्रमाणात बदलला तर ईआयटी, बदललाच नाही तर इलेक्ट्रॉनिक्स.

आणखी एक. साध्या पीबीएस क्यूबमधून कंट्रोलचा हजारावा भाग गळतो. १ मिलिवॅटचा हजारावा भाग १ मायक्रोवॅट, आणि प्रोब सेलमधून बाहेर पडेपर्यंत ६ मायक्रोवॅटवर आलेला. सेलनंतर ग्लॅन-थॉम्पसन (जास्त काटेकोर ध्रुवक) लावा. तरीही गळतंय असं दिसलं तर सेलच्या खिडक्यांना क्लॅम्पचा ताण आहे का ते बघा. ताणलेली काच पोलरायझेशन फिरवते.

(७९५ नॅनोमीटर डोळ्याला जेमतेम लालसर दिसतो, म्हणून मंद वाटतो. तो मंद नसतो. गॉगल.)

---

वाटसरू४२

विषयाला धरून पण जरा बाजूचं: कंडेन्सेटच करायचा ठरवला तर एम.एस्सी.च्या काळात होईल का? आपल्याकडे कुठे आहे?

---

निरपेक्ष_शून्य

एम.एस्सी.त नाही. नव्याने उभारायचं तर त्यात एक पीएच.डी. निघते. मुंबईत टीआयएफआरमध्ये आणि पुण्यात आयसरमध्ये रुबिडियमचे कंडेन्सेट झालेले आहेत. तिथे उन्हाळी प्रकल्पाला जागा मिळाली तर बघायला मिळेल.

पायऱ्या थोडक्यात. निर्वात १०^-११ टॉरच्या घरात. त्यासाठी सगळा चेंबर दीडशे-दोनशे अंशांवर कित्येक दिवस भाजायचा. मॅग्नेटो-ऑप्टिकल ट्रॅपमध्ये (लेसर आणि चुंबकीय क्षेत्र यांचा सापळा) ७८० नॅनोमीटरने १०^८ ते १०^९ अणू धरायचे, लेसर एफ = २ ते वरच्या एफ = ३ या रेषेच्या १२-२० मेगाहर्ट्झ खाली. डॉप्लर मर्यादा (या पद्धतीने गाठायचं किमान तापमान) १४६ मायक्रोकेल्व्हिन. मग चुंबकीय क्षेत्र बंद करून काही मिलिसेकंद मोलॅसिस (नुसत्या लेसरने आणखी थंड करणं), त्यात २०-५० मायक्रोकेल्व्हिन. इथून पुढे लेसर बंद. चुंबकीय सापळ्यात धरून रेडिओ लहरीची कंप्रता वीस-तीस मेगाहर्ट्झवरून एकाच्या आसपास आणायची, १५-३० सेकंदांत. सगळ्यात तापलेले अणू आधी बाहेर फेकले जातात, उरलेले आपसात धडकून थंड होतात. चहाच्या कपावर फुंकर मारण्याचाच प्रकार, फक्त शंभरातले नव्व्याण्णव अणू यात जातात.

बिघडतं कुठे? रीपंप लेसर (भलत्या पातळीत पडलेले अणू परत आणणारा) लॉकमधून सुटला की ट्रॅप दिसेनासा होतो: अणू एफ = १ मध्ये पडतात आणि तिथे मुख्य लेसरला ते दिसतच नाहीत. निर्वात दहापट वाईट असला तर बाष्पीभवन संपायच्या आतच पार्श्ववायू अणूंना ढकलून देतो. आणि साध्या चतुर्ध्रुवी सापळ्यात मध्याला क्षेत्र शून्य असतं. थंड अणू नेमके तिथेच गोळा होतात, तिथे त्यांचा स्पिन उलटतो आणि ते गळून पडतात. १९९५ मध्ये कॉर्नेल आणि वीमन यांनी फिरतं क्षेत्र वापरून हे भोक बुजवलं (सुमारे २००० अणू, १७० नॅनोकेल्व्हिन), केटर्ली यांनी त्यावर लेसरचं बूच बसवलं.

मंद प्रकाशासाठी मात्र बहुतेक वेळा ट्रॅप आणि मोलॅसिसवर थांबलं तरी पुरतं. कंडेन्सेट लागतो तो वेगळ्या कामाला: २००७ मध्ये हाऊंच्या गटाने एका कंडेन्सेटमध्ये पल्स थांबवली, तिचा ठसा अणूंवर बसवून १६० मायक्रोमीटरवरच्या दुसऱ्या कंडेन्सेटमध्ये पाठवला आणि तिथे पुन्हा प्रकाश केला. दोन्ही ढगांतले अणू एकमेकांपासून ओळखता येत नाहीत, म्हणूनच हे जमतं. नुसतं जास्त वेळ साठवायचं असेल तर थंड वायूपेक्षा स्फटिक बरे: २०१३ मध्ये प्रेसिओडिमियम मिसळलेल्या स्फटिकात एक मिनिट, २०२१ मध्ये युरोपियमच्या स्फटिकात एक तास.

---

उलटसुलट (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. बीम फायबरमधून काढले, ग्लॅन-थॉम्पसन लावला, नळीला टोपणं करून डीगॉस केलं, सेल ५५ अंशाला. कंट्रोल ०.३ मिलिवॅट. बाजूची शिखरं गेली. रुंदी ३८ किलोहर्ट्झ, ऑप्टिकल डेप्थ ३, खोली साधारण निम्मी. विलंब साडेपाच मायक्रोसेकंद, म्हणजे साडेतेरा किलोमीटर/सेकंदाच्या आसपास. सूत्राने ६.३ येतो.

नवी अडचण: २० मायक्रोसेकंदांची चौकोनी पल्स आत सोडली की बाहेर दोन उंचवटे येतात. पहिला बारीक आणि अजिबात विलंब नसलेला, दुसरा मोठा आणि उशिरा.

---

सिग्मा_प्लस

पहिला उंचवटा म्हणजे चौकोनी पल्सची धार. तीव्र कडेत खिडकीबाहेरच्या कंप्रता असतात. त्यांना विलंब नाही, आणि डेप्थ ३ ला त्यांतला ५ टक्के प्रकाश तसाच निसटतो. मध्यावर तुम्हाला २२ टक्के मिळतोय, त्यामुळे ५ टक्के नजरेत भरतात.

पल्स गॉसियन करा, अर्ध्या उंचीवरची रुंदी ४० मायक्रोसेकंद. तिचा पसारा ११ किलोहर्ट्झ, तुमच्या ३८ च्या खिडकीत आरामात बसतो. विलंबही सूत्राच्या जवळ सरकेल, कारण आत्ता वीस मायक्रोसेकंदांची पल्स खिडकीच्या कडा चाटतेय.

जनरेटरवर गॉसियन निवडला म्हणजे प्रकाश गॉसियन होत नाही, एवढं लक्षात असू द्या. एओएममधून वळलेली तीव्रता त्याला दिलेल्या रेडिओ सिग्नलच्या (आरएफ) आयामाच्या साइन-वर्गासारखी जाते: कमी ताकदीला पल्स १.४ पटीने अरुंद होते आणि जास्त ताकदीला टोक चपटं. आधी सेलशिवाय डिटेक्टरवर बघून आरएफ इतकी ठेवा की वळणारा प्रकाश कमालीच्या तिसऱ्या हिश्श्याहून वर जाणार नाही, आणि जनरेटरवरची रुंदी ४० ऐवजी ५६ द्या.

बफर गॅसचा सेल आला की आधी कंट्रोलच्या ताकदीविरुद्ध रुंदीचा आलेख काढा आणि इथे टाका, मग पुढचं बघू.